ब्रेक दाबला की कुंईऽऽ : नवे पॅड टाकूनही आवाज जात नाही

संथवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गाडी हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड पकडतात), मागे ड्रम, ६२ हजार किलोमीटर झालेत. दीड महिन्यापूर्वी पुढच्या बाजूने आवाज यायला लागला. ब्रेक हलकाच दाबलेला असतो, गाडी थांबायला दहा-पंधरा फूट उरलेले असतात आणि तेवढ्यात कुंईऽऽ. गाडी थांबली की बंद. जोरात ब्रेक मारला तर काहीच नाही. आधी फक्त सकाळी यायचा, आता दिवसभर येतो.

गॅरेजमध्ये नेली. त्यांनी पुढचे पॅड बदलले. दोन दिवस सगळं शांत होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि आता डावीकडूनच येतोय हेही कळायला लागलं. परत नेली. पॅड काढून पॉलिश पेपरने घासले आणि बसवून दिले. आठवडाभर गप्प, मग पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, "नवे पॅड वाजतातच, चालवत राहा, जाईल आपोआप." त्यानंतर बाराशे किलोमीटर झाले.

आईला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. ती मागे बसते. आवाज आला की पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवते, मला आरशात दिसतं. ब्रेक व्यवस्थित लागतायत असं मी तिला सांगतो, पण माझीच खात्री नसेल तर तिची कुठून होणार?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा आवाज धोक्याचा आहे का? आणि चौथ्यांदा गॅरेजला जायच्या आधी मी स्वतः काय बघून ठेवू, म्हणजे तिथे नेमकं बोलता येईल?

स्पॅनर१३

संथवाट, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून एक सांगतो. जोरात दाबल्यावर बंद होणारा आणि अगदी कमी वेगात येणारा बारीक आवाज बहुतेक वेळा कंपनाचा असतो. गाडी थांबते आहे, पेडल खाली जात नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही, एवढं असेल तर आज रात्री झोप उडवून घेऊ नका. पण "जाईल आपोआप" हेही मान्य करू नका. नव्या पॅडचा आवाज पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये जातो. बाराशेनंतर तो राहिला असेल तर त्याला कारण आहे.

मी बावीस वर्षं याच कामात आहे आणि अजूनही पाना हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला प्रश्न विचारतो. आवाज कधी येतो हे कळलं की निम्मं काम झालं. ब्रेक दाबल्यावर नाही, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो का? ब्रेक न दाबता चालू असतो आणि दाबला की बंद होतो का? रिव्हर्समध्ये येतो का? गाडी धुतल्यावर वाढतो की कमी होतो? वळताना बदलतो का?

ब्रेक न दाबता चिर्रर्र वाजत राहणारा आणि पेडलला पाय लावताच थांबणारा किंवा बदलणारा आवाज बहुधा पॅडवरच्या इंडिकेटरचा. पॅडच्या पत्र्याला स्प्रिंग स्टीलची एक छोटी वाकडी पट्टी असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. ती मुद्दाम तशी बसवलेली असते, लवकर बदला असं सांगायला. खर्रर्र असा जड, दगडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला आणि तो पेडलमधून पायाला जाणवला तर गाडी तिथेच उभी करायची. पॅड संपून मागचा पत्रा डिस्कवर चाललाय. ब्रेकचा संबंध नसताना एकसारखं घासल्यासारखं येत असेल तर डिस्कच्या मागच्या पातळ पत्र्यात खडा अडकलेला असतो किंवा तो पत्रा आत दबलेला असतो. बोटाने जरा मागे वाकवला की काम होतं. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घूंऽऽ ही चाकाच्या बेअरिंगची, तिचा ब्रेकशी संबंध नाही.

आता तुमच्यासाठी दोन प्रश्न. एक, दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आलात की डावं आणि उजवं पुढचं चाक सारखंच तापलेलं असतं का? डिस्कला हात अजिबात लावू नका, भाजेल. रिमपासून चार बोटं लांब तळहात धरा, फरक असेल तर कळतो. दोन, बदललेले जुने पॅड तुम्हाला परत दिले होते का?

मधली_सीट

माझ्या गाडीचे ब्रेक पावसात रोज सकाळी वाजतात, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं की बंद. हा पण दोष समजायचा का?

स्पॅनर१३

नाही. डिस्क बिडाची असते, तिला रंग नसतो. रात्रभर दमट हवेत उभी राहिली की तिच्यावर गंजाचा पातळ थर धरतो, सकाळी नारिंगी दिसते ती. पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये पॅड तो थर पुसून टाकतात आणि आवाज जातो. गाडी धुतल्यावरही तेच होतं. पार्क करण्याआधी दोनदा हलका ब्रेक दाबून डिस्क कोरडी केली तर फरक पडतो. मात्र गाडी महिना-दोन महिने उभी राहिली असेल तर गंज खोल जातो, पॅडच्या आकाराचा ठसाही उमटतो. तो पुसला जात नाही.

कंपनांक

मी शिक्षक आहे, पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून आवाज होतो कसा याबद्दल लिहितो. स्पॅनरदादांनी वर सांगितलेल्या लक्षणांमागचं कारण त्यातून कळेल.

फळ्यावर खडू किंचाळतो तेव्हा काय होतं ते आठवा. खडू फळ्याला चिकटतो, हात ओढतो, खडू निसटतो, पुन्हा चिकटतो. ही धर-सोड सेकंदाला शेकडो-हजारो वेळा होते आणि आपल्याला ती एकच तीक्ष्ण किंकाळी ऐकू येते. खडू जरा तिरपा धरला की आवाज थांबतो. खडू तोच, फळा तोच, फक्त धरण्याचा कोन बदलला.

पॅड आणि डिस्कचं असंच आहे. पॅड डिस्कला पकडतो, सुटतो, पकडतो. शिवाय डिस्क ही एक थाळीच आहे, टोला बसला तर घंटेसारखी वाजणारी. पॅडच्या थरथरण्याचा ठेका आणि डिस्कचा स्वतःचा सूर जुळले की दोघं एकमेकांना जोर देतात आणि एक हजार हर्ट्‌झपासून पंधरा-सोळा हजारांपर्यंत कुठेही आवाज निघतो. माणसाचा कान दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, म्हणून हा आवाज जेवढा असतो त्याहून मोठा वाटतो.

आता कमी वेगातच का? बऱ्याच पॅडमध्ये घसरण्याचा वेग कमी होत गेला की घर्षण थोडं वाढतं. म्हणजे गाडी थांबायच्या बेताला पॅड जास्त चिकटायला बघतो आणि धर-सोड सुरू होते. जोरात दाबल्यावर दाबच एवढा असतो की पॅडला थरथरायला जागा उरत नाही. संथवाट यांचं वर्णन याच्याशी नेमकं जुळतं.

यावरून इलाज कसे असतात तेही कळेल. पॅडच्या कडा तिरप्या कापलेल्या असतात, मधोमध चर असतो, पाठीवर रबराचा थर असलेला पातळ पत्रा असतो, त्याला शिम म्हणतात. पहिल्या दोन गोष्टी खडूचा कोन बदलल्यासारख्या, तिसरी थाळीवर हात ठेवून तिचा नाद बंद केल्यासारखी. यातलं एखादं गायब असेल, किंवा पॅड आपल्या जागेत खिळखिळा तरी असेल नाहीतर अडकलेला तरी, की आवाज परत येतो.

हा त्रास डिस्क ब्रेकइतकाच जुना आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात तांब्याचे पॅड धातूच्या तबकडीवर घासायचे आणि कर्कश किंचाळायचे. १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड यांनी अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर वापरलं तेव्हा आवाज कमी झाला. पुढे अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना किती घातक आहे ते कळलं. म्हणून एक विनंती, चाकातली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, पॅड कुठलाही असो. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनरने खाली भांड्यात धुवून घ्या.

चाकोरी

एवढं कशाला? माझा शेजारी डिस्कवर गंज सोडवायचा स्प्रे मारतो, आवाज तत्काळ बंद होतो. करून बघा.

स्पॅनर१३

चाकोरी, हे वाचून कोणी तसं करू नये म्हणून लगेच लिहितोय. डिस्कवर तेल, ग्रीस, स्प्रे, साबण, सिलिकॉन, काहीही लावायचं नाही. आवाज बंद होतो कारण घर्षण बंद होतं, आणि गाडी घर्षणानेच थांबते. एका चाकाला तेल लागलं तर जोरात ब्रेक मारताच गाडी दुसऱ्या बाजूला फिरते. पॅड तेल पितो. नंतर कितीही धुतला तरी तापला की ते पुन्हा वर येतं, तो फेकूनच द्यावा लागतो. तुमच्या शेजाऱ्यांना कृपया आजच सांगा. पॅड दोन्ही बाजूंचे बदलायला लावा, डिस्क ब्रेक क्लीनरने धुऊन घ्यायला लावा.

चाकोरी

सांगितलं त्यांना. उद्या गाडी न चालवता मेकॅनिकला घरी बोलावतायत. मला हे माहीत नव्हतं, बरं झालं इथे लिहिलं.

मागचा_आरसा

स्पॅनरदादांनी त्या इंडिकेटर पट्टीबद्दल लिहिलं, माझ्यासोबत घडलेलं सांगते. चार वर्षांपूर्वी चिर्रर्र असा आवाज यायचा आणि ब्रेक दाबला की जायचा. मला वाटलं, ब्रेक दाबल्यावर जातो म्हणजे ब्रेक ठीक आहेत, काहीतरी दुसरंच सैल असेल. तीन आठवडे तशीच फिरले. मुलं मागे गाणी लावायची, त्यात आवाज झाकला जायचा. मग एक दिवस आवाज आपोआप थांबला आणि मला बरं वाटलं. पट्टी झिजून मोडली होती म्हणून थांबला होता. दोन दिवसांनी शाळेच्या फाटकाशी पेडल थरथरलं आणि खर्रर्र झालं. डिस्कवर नखभर खोल चर पडले होते. पॅडच्या एका जोडीत भागलं असतं तिथे दोन्ही डिस्क बदलाव्या लागल्या.

फाटकाशी मुलं उभी होती. गाडी थांबली, पण नेहमीपेक्षा पुढे जाऊन. ते अंतर मी विसरलेले नाही. ज्यांच्या गाडीचा आवाज काही न करता अचानक बंद झाला असेल त्यांनी चाक खोलून बघावं.

स्पॅनर१३

ताई, हे लिहिलंत फार चांगलं केलंत. जोड एवढीच की प्रत्येक पॅडला ही पट्टी नसते. बऱ्याच गाड्यांत ती फक्त आतल्या पॅडला असते, स्वस्त पॅडना मुळीच नसते, काही गाड्यांत तिच्याऐवजी वायर असते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. म्हणून आवाजाची वाट बघू नये. दर दहा हजार किलोमीटरला चाकं फिरवायला काढतोच आपण, तेव्हा पॅड बघावेत. नव्या पॅडचं अस्तर साधारण दहा-बारा मिलिमीटर असतं, तीनवर आलं की बदलायचं. बाहेरचा पॅड रिममधून दिसतो, पण त्यावर विसंबू नका, आतला त्याच्या आधी संपलेला असू शकतो.

दूरचा_पल्ला

माझा आवाज निघाला होता उतारावर. सुट्टीत डोंगरातून उतरताना सलग वीस-पंचवीस मिनिटं पाय ब्रेकवरच होता. खाली आलो तेव्हा जळका वास येत होता. दुसऱ्या दिवसापासून चारही जण कान झाकतील असा आवाज. पॅड काढले तर त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता, नख फिरवलं तर घसरत होतं. मेकॅनिक म्हणाला पॅड 'ग्लेझ' झालेत. जाड होते म्हणून त्याने खरखरीत पेपरवर सपाट घासून दिले आणि गाडी शांत झाली. आता चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरतो, ब्रेक लागेल तेव्हा ठाम दाबतो आणि सोडतो.

संथवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं मी दोनदा वाचलं. स्पॅनरदादा, तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतो.

काल वीस मिनिटं चालवून आल्यावर तळहात धरून पाहिलं. डावं चाक स्पष्टपणे जास्त तापलेलं होतं. शंका नको म्हणून बायकोलाही हात धरायला सांगितलं, कुठलं जास्त ते मी आधी बोललो नव्हतो, तिनेही डावंच सांगितलं.

जुने पॅड नव्या पॅडच्या खोक्यात घालून डिकीत ठेवले होते, मी ते खोकं उघडलंच नव्हतं. आज उघडलं. चार पॅडपैकी दोन जवळजवळ सारखे आहेत, चार-साडेचार मिलिमीटर. उरलेल्या दोनांत एक सहा मिलिमीटर आणि दुसरा जेमतेम दोन. तो दोनवाला एका टोकाला जास्त झिजलाय, पाचरीसारखा.

आणि खोक्याच्या तळाशी प्लॅस्टिकची एक बंद पिशवी आहे. तिच्यात पत्र्याच्या चार छोट्या क्लिपा आणि ग्रीसची बारीक पुडी. पिशवी फोडलेली नाही. या क्लिपा बसवायच्या असतात का?

स्पॅनर१३

मिळालं तुमचं उत्तर. हो, बसवायच्याच असतात. आता नीट समजावून सांगतो, जरा लांब होईल.

तुमच्या गाडीला तरंगतं कॅलिपर आहे. कॅलिपर म्हणजे डिस्कला कवेत घेणारा, पॅड दाबणारा भाग. पिस्टन एकाच बाजूला, आतल्या. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या धक्क्याने अख्खं कॅलिपर आत सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने ओढतं. हे सरकणं होतं दोन पिनांवर, त्यांना स्लाइड पिन म्हणतात. पिन ग्रीसमध्ये असतात आणि त्यांच्यावर रबरी टोपी असते. टोपी फाटली की पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीस वाळतं, पिन जाम होते. मग कॅलिपर सरकत नाही. आतला पॅड एकटाच सगळं काम करतो, म्हणून तो दोन मिलिमीटर आणि बाहेरचा सहा. एकच पिन जाम असेल तर कॅलिपर तिरकं ओढलं जातं, म्हणून पाचर. पाय काढल्यावरही पॅड पूर्ण सुटत नाही, म्हणून चाक तापतं. आणि पॅड तिरका टेकला की कंपनांक सरांचा खडू.

नवे पॅड त्याच जाम पिनांवर बसवले, दोन दिवस ते खडबडीत होते म्हणून गप्प राहिले. घासून दिले तेव्हा पुन्हा खडबडीत झाले, पुन्हा आठवडाभर गप्प. रोग पॅडमध्ये नव्हताच.

आता क्लिपा. पॅडचे दोन्ही कान ज्या खाचेत बसतात तिथे या पत्र्याच्या क्लिपा असतात, पॅड त्यांच्यावर सरकतो. क्लिपेखाली गंज धरला की तो फुगतो आणि क्लिप उचलली जाते, खाच अरुंद होते, पॅड अडकतो. कित्येक ठिकाणी वेळ वाचवायला जुन्याच क्लिपा ठेवतात. पॅड खाचेत बोटाने दाबून सरकला पाहिजे, हातोडी लागत असेल तर काहीतरी चुकलंय.

गॅरेजमध्ये जाऊन हे सांगा: दोन्ही चाकांच्या स्लाइड पिन बाहेर काढा, जुनं ग्रीस पूर्ण पुसा, पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पिन बदला, रबरी टोप्या नव्या टाका. खाचेतला गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत काढा, मग नव्या क्लिपा. पिनांना सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच असलेलं सिंथेटिक ग्रीस. नेहमीचं चाकाचं पिवळं ग्रीस नको, त्यातल्या खनिज तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. पॅडच्या कानांना आणि पाठीवर, जिथे पिस्टन टेकतो तिथे, पुसट थर. अस्तराला आणि डिस्कला एक कणही नाही. काही गाड्यांत दोनांपैकी एका पिनेला रबरी बुश असतं, ती वर की खाली हे मॅन्युअलमध्ये बघूनच बसवायचं, अदलाबदल झाली तरी आवाज येतो.

पिस्टन मागे ढकलून बघायला सांगा. सहज गेला तर ठीक. अडत असेल, किंवा त्याच्या रबरी घडीतून ओल दिसत असेल, तर पिनांवर भागणार नाही, कॅलिपरच उघडावं लागेल. पिस्टन ढकलताना वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल चढतं, सांडलं तर रंग जातो, तेवढं लक्ष ठेवायचं.

डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. मोजून त्यापेक्षा जास्त असेल तर ठेवा. डिस्क चांगली पण चकचकीत झाली असेल तर खरखरीत पेपर गोल-गोल फिरवून तिची चकाकी मोडायची.

आणि हे काम कोणी घरी करणार असेल तर: सपाट जागा, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण, गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर चाक काढून हात घालू नका. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले तीन-चार दाब पोकळ जातात. हे विसरून गाडी काढलेली आणि समोरच्या भिंतीवर गेलेली मी पाहिली आहे.

अर्धा_क्लच

हे मी स्वतः करतो, मागच्या चाकांबद्दल एक भर. मागे डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर बहुतेक ठिकाणी पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, फिरवत दाबावा लागतो. जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा मोडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो. आणि चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोर, टॉर्क पान्याने कसावेत. हवेच्या गनने कमी-जास्त कसले की डिस्क सूक्ष्म वाकडी बसते आणि काही महिन्यांनी पेडल थरथरायला लागतं.

मधली_सीट

ड्रमच्या आवाजाचं काय? माझ्या मागच्या चाकातून करकर येते.

स्पॅनर१३

ड्रममध्ये धूळ बाहेर पडायला वाट नसते, आतच साठते. शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे अस्तर (लायनर) लावलेले अर्धगोल तुकडे, ज्या पत्र्यावर टेकून सरकतात तिथे सहा ठिकाणी उंचवटे असतात. ते कोरडे पडले की पेडल दाबताना आणि सोडताना करकर येते. ड्रम काढून धूळ ओल्याने पुसायची, त्या उंचवट्यांवर ग्रीसचा ठिपका लावायचा, लायनरची जाडी बघायची. चाकाच्या सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसली तर तो आधी बदलायचा, कारण ते ऑइल लायनरवर उतरतं.

दीपस्तंभ

माझी ऑटोमॅटिक आहे. सिग्नलला ब्रेक हळूच सोडताना घुर्रर्र असा जाड आवाज येतो, किंचाळत नाही. पॅड नवे, चाक तापत नाही.

कंपनांक

तुमचा आवाज त्याच धर-सोडीचा, पण खालच्या सुरातला. इंजिन गाडीला पुढे ढकलत असतं आणि ब्रेक अर्धवट धरून असतो, तेव्हा पॅड झटक्याझटक्याने सुटतो. ब्रेक एकदम पूर्ण सोडून पाहा, गेला तर तोच. दोष म्हणून काही बदलायची गरज नाही.

संथवाट

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो.

दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो आणि काम होईपर्यंत शेजारी उभं राहायची परवानगी मागितली. त्यांनी आनंदाने दिली. डावीकडचं कॅलिपर काढलं. वरची पिन दोन बोटांनी ओढली, निघाली. खालची हलेना. पकडीने धरून उलट-सुलट पिळत पाच मिनिटं लागली. बाहेर आली तेव्हा तिच्यावर ग्रीस म्हणण्यासारखं काही नव्हतं, चॉकलेटी रंगाचा वाळलेला थर होता, नखाने खवले निघत होते. टोपीच्या दुसऱ्या घडीत बारीक चीर होती, ताणल्याशिवाय दिसली नसती.

क्लिप उचकटली तर तिच्याखालून गंजाची पापडी निघाली. मेकॅनिकने मला नवा पॅड त्या खाचेत बसवून बघायला दिला. बसेना. गंज काढून नवी क्लिप घातल्यावर तोच पॅड दिला, तर बोटाने हलकेच ढकलताच आत गेला. दादा, तुमचं हातोडीबद्दलचं वाक्य तेव्हा हाताला कळलं.

पिस्टन सहज मागे गेला, रबर कोरडं होतं. डिस्कची जाडी मोजली, पुरेशी आहे. खालची पिन खड्डे पडलेली म्हणून बदलली, टोप्या चारही नव्या. उजवीकडच्या पिना हलत होत्या, तरी साफ करून घेतल्या. पॅड तेच ठेवले, फक्त डावे पेपरवर सपाट घासले. ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं, तेही बदललं.

आता हे पॅड डिस्कशी नीट जुळवून घ्यायचे, म्हणजे बेडिंग करायचं, ते नेमकं कसं?

स्पॅनर१३

मोकळा रस्ता, मागे कोणी नाही असा. ताशी पन्नास-साठवरून दहा-पंधरावर आणायची, मध्यम जोराने, पूर्ण थांबवायची नाही. मग पुन्हा वेग, मध्ये अर्धा-एक मिनिट हवा लागू द्यायची. असं आठ-दहा वेळा. मग काही किलोमीटर ब्रेकला कमीत कमी हात लावत चालवायची, थंड होऊ द्यायची. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभी करू नका, त्या जागी ठसा उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. पहिले दोनशे किलोमीटर शक्यतो कचकन ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका.

ऑइल बदललंत ते बरं केलंत. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शिरल्यावरची किमान मर्यादा १५५ आहे. त्या दूरचा_पल्ला यांच्या उतारासारख्या ठिकाणी हा फरक जिवावर बेततो. दर दोन वर्षांनी बदला.

दूरचा_पल्ला

हे ऑइलचं मला माहीत नव्हतं. उद्याच तारीख बघतो.

संथवाट

तीन आठवडे आणि नऊशे किलोमीटर झाले. आवाज नाही. सकाळचा पहिला ब्रेक किंचित करकरतो, गल्ली संपेपर्यंत तोही जातो. दोन्ही चाकांवर तळहात धरला तर सारखीच गरम लागतात. गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये आधीपेक्षा मोकळी पळते, म्हणजे इतके दिवस ती अडकूनच चालत होती.

जुना दोन मिलिमीटरचा पॅड मी पहिल्या गॅरेजमध्ये नेऊन दाखवला. भांडायला नव्हतो गेलो, दुसऱ्या कोणाच्या गाडीत क्लिपांची पिशवी तशीच राहू नये म्हणून गेलो होतो. तिथल्या तरुण मुलाने पॅड हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि पिन कशी काढली ते विचारलं. सांगितलं.

कालच आईला घेऊन गेलो होतो. परत येताना सिग्नलला थांबलो तेव्हा आरशात पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, हात मांडीवर होते.